लालासाहेबचा गोड घास

नियोजन करावं तर ते मी! साखर कारखान्यात बत्तीस वर्षं हेडक्लार्क होतो. वार्षिक सभेला पाच-पाच हजार पानं उठवली, कुणी उपाशी गेलं नाही. मग सहा म्हाताऱ्यांची दोन दिवसांची सहल म्हणजे माझ्या हातचा मळ!

सहल तरी कसली, लालासाहेबचा दुखवटा काढायचा होता. लालासाहेब आमच्याच कारखान्यात पॅनमन, म्हणजे पाकाची साखर करणारा कसबी माणूस. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको शकुंतला गेली. आमच्याकडं दिवसकार्य उरकलं की सोयरे-मित्र जेवायला बोलावतात, आग्रहानं गोडाचा घास भरवतात आणि मग माणूस पुन्हा चारचौघांत येतो. लालासाहेबला तीन घरी बोलावून झालं. तिन्हीकडं तो आमटी-भात खाऊन उठला. गोडाला हात नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. वजन इतकं उतरलं की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा.

त्याची लेक अबोली मला म्हणाली, "काका, तुमीच कायतरी करा. बाबा आमचं ऐकत न्हाईत."

"सोड माझ्यावर!" मी छाती काढून म्हणालो.

वाईच्या वर, डोंगराच्या कडेला एक रिसॉर्ट शोधून काढलं. फोनवर मॅनेजर होता, शौनक नावाचा.

"सर, काय ऑकेजन आहे?"

आता तुम्हीच सांगा, चांगल्या कामाला निघताना अभद्र बोलायचं कसं? "आनंदाचंच आहे," मी म्हणालो. "दुपारच्या जेवणाला बासुंदी-पुरी हवी."

"नक्की, सर! उत्सवमूर्ती कोण?"

"लालासाहेब."

"आणि मॅडमचं नाव?"

'वारल्या' हा शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथंच बसला. "शकुंतला," एवढं म्हणून मी फोन ठेवून दिला.

सांगलीहून पहाटे निघालो. डोंगर खरोखर देखणा होता, खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. पण हे सगळं बघायचं ते फाटकात उभं राहून! आमच्या 'व्हॅली व्ह्यू' खोलीच्या खिडकीसमोर पाण्याची टाकी होती. टाकी रिकामी, त्यामुळं नळही कोरडे!

भिंतीवर लिहिलं होतं, चहासाठी नऊ दाबा. मी दाबले.

"बोला," पलीकडून आवाज आला.

"सहा चहा! एक बिनसाखरेचा! आणि जरा हातपाय हलवा, झोपा काय काढताय?"

अर्ध्या तासानं चहा आला. ट्रे घेऊन दारात कोण, तर लालासाहेब! नऊ दाबलं की फोन शेजारी त्याच्याच खोलीत वाजत होता.

"सैपाकघरात कुणीच न्हवतं," तो म्हणाला. "म्हणून मीच केला. आन् तुझा आवाज वळखला मी, लय तापला हुतास!"

ज्याचं दुःख हलकं करायला आणलं, त्यालाच कामाला लावलं होतं मी!

दुपारी दोनला जेवायला बसलो. अडीचला पाणी आलं, तीनला ताटं आली. तीही रिकामी! आमचा सयाजी लष्करातून येऊन कारखान्याच्या गेटवर लागलेला. तो म्हणाला, "गड्या, बर्फात बी रसद येळेवर यायची रं!"

मी शौनकला गाठलं. "बासुंदी कुठाय?"

"सॉरी सर, दूध नासलं. पण काळजी नको, आमचं एक सरप्राईज आहे!"

धडाड्धूम संगीत सुरू झालं. ढकलगाडीवरून केक आला. त्यावर लाल अक्षरांत, बदामाच्या आत लिहिलेलं, 'लालासाहेब-शकुंतला'. दिवसभरात या लोकांनी एकच काम मनापासून केलं आणि ते हे!

"शकुंतला मॅडम, प्लीज पुढे या!" शौनक माईकवर ओरडला. "लाजू नका, मॅडम!"

मी दोन्ही हात हलवून त्याला थांबवायला लागलो. त्याला वाटलं, आवाज कमी पडतोय. त्यानं आणखी वाढवला! शेजारची टेबलं टाळ्या पिटायला लागली. शेवटी सयाजीनं उठून वायरच उपटली आणि शौनकच्या कानात दोन शब्द सांगितले. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

लालासाहेब केककडं बघत होता. "नाव कुणी लिवलं?"

"हरणाबाईंनी, सर. आमच्या कुक आहेत."

"झ्याक लिवलंय."

"लाला, चुकलं माझं," मी म्हणालो. "गेल्या म्हणायला जीभ रेटेना."

"माझी बी रेटत न्हाई."

मग तो खाली बघूनच बोलायला लागला. "तिला शुगर हुती. मी पाच वरीस घरात साखरंचा कण येऊ दिला न्हाई. जलमभर साखर केली मी, आन् घरात कण न्हाई! शेवटच्या आठवड्यात म्हणली, आवं, घोटभर बासुंदी द्या. मी न्हाई म्हणलो. आठ दिसांत गेली. मग त्ये पथ्य कशापायी पाळलं रं आमी?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मी इतका मूर्ख, की तशातही केकचा तुकडा चमच्यावर घेऊन त्याच्या तोंडापुढं धरला.

"न्हाई जात, गड्या," तो म्हणाला. "बांधून दे."

रिसॉर्टमध्ये खोकं नव्हतं, हे सांगायला नकोच! केक ताटासकट लालासाहेबच्या मांडीवर ठेवून आम्ही एक दिवस आधीच घाट उतरलो. प्रत्येक वळणाला पाच म्हातारे स्वतःला सोडून ताटाला धरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन लावला. पुन्हा एकदा गोड घासाचा बेत करायचा, या वेळी माझ्या घरी, असं मनात होतं.

"केक खाल्लास का?"

"न्हाई. तिच्या फोटूफुडं ठेवला हुता. मुंग्या लागल्या."

"अरे, मग टाकून द्यायचास!"



"पाच वरीस ह्या घरात मुंगी फिरकली न्हवती रं," तो म्हणाला. "खाऊ द्यात. मी न्हाई हाकलत."

माझ्या बेताचं मी काही बोललोच नाही. बरं म्हणालो आणि फोन ठेवला.