मातोश्रींच्या खुर्चीची आणि दुहेरी दमाच्या वाहनाची हकीकत

श्रीगजवदनाचे चरणी मस्तक ठेवून, कुलस्वामिनीस स्मरून, आणि वाचणाराने मध्येच उठून जाऊ नये ऐसी त्यास आण घालून हकीकत लिहिली जाते ती ऐसी जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास. ते साली एक राज्य होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ऐसी राज्ये हल्ली जिन्याच्या दोहों बाजूंस वसली आहेत. त्या राज्यावर राजे विश्वंभरराव राज्य करीत आणि राज्य चालवीत त्या राणी शैलजाबाई. राणीसाहेबांच्या मातोश्री अनसूयाबाई लेकीपाशीच राहत, कारण लेक एकुलती एक. मातोश्रींचे पाय मागेच गेले होते आणि तेव्हापासून त्या चाकांच्या खुर्चीवर विराजमान होत्या. परंतु हात खंबीर होते, आपली चाके आपण फिरवून घरभर स्वारी चाले, आणि कोणी न विचारता मागून ढकलू लागले तर भुवई चढे. त्यांची धाकटी बहीण द्वारकाबाई घाटापलीकडे राहत. दोघी बहिणींचा रिवाज ऐसा की दर दसऱ्यास एकमेकींच्या घरी जाऊन हातात आपट्याचे सोने ठेवावे आणि मग पोटभर बोलावे. पाय गेले आणि तो रिवाज खंडला. राज्यातील जुन्या वाहनात मातोश्री मावत, पण खुर्ची मावत नसे, आणि खुर्चीवाचून जावे तर दोघांनी उचलून न्यावे लागे. ऐसे एकदा एका लग्नात केले होते. दोघा दांडगटांनी मातोश्रींस उचलून मांडवाच्या पायऱ्या चढविल्या, त्यात लुगडे पोटरीवर सरकले आणि वऱ्हाड पाहत राहिले. ते दिवसापासून मातोश्रींनी घराचा उंबरा ओलांडिला नाही, आणि द्वारकाबाईंचे गुडघे धरलेले, त्यांनाही येणे होईना. राणीसाहेबांच्या जिवास ही एकच गोष्ट रात्रंदिवस खात होती.

तशात राजांच्या मनात आले की नवे, मोठे, सर्व कुटुंब सुखाने बसेल ऐसे वाहन करावे. मग मसलतीस राजांच्या भगिनीचे यजमान दाजी सोपानराव यांस बोलाविले, ज्यांस वाहनांतील सर्व काही कळते ऐसे त्यांचे स्वतःचे मत होते. मग दोघे दिवाणखान्यात बसले आणि हातातल्या काचेत पाहू लागले, तेथे तरणे पंडित वाहनाची दारे उघडून लावून त्यांचा आवाज ऐकवीत आणि एवढ्यावर रसिकांनी माना डोलवाव्या ऐसी अपेक्षा ठेवीत. आणि छतास खिडकी असावी की नसावी यावर वाद जाहला, आणि शेरभर तेलात वाहन किती कोस जाईल यावर त्याहून मोठा जाहला, आणि रंग पांढरा घ्यावा तर शेजारच्या राज्यातही पांढराच, म्हणून आणखी एक जाहला. चहाची आधणे ठेवून ठेवून शेगडी शिणली. मग राणीसाहेब बाहेर येऊन बोलिल्या, "मला एवढंच हवंय. आईची खुर्ची मागे डिकीत बसली पाहिजे. रंग तुम्ही काळा घ्या नाहीतर पोपटी." दाजी म्हणाले, "वहिनी, खुर्ची काय, कुठंही बसते. तुम्ही ॲव्हरेज बघा." राणीसाहेबांनी दाजींकडे पाहिले, आणि दाजींनी काचेत पाहिले.

मग राणीसाहेब सौदागराच्या काचमहालात खासा गेल्या, सोबत राजे, आणि हातात मातोश्रींची खुर्ची. सौदागराचा कारकून वाहनातली चकचकीत पाटी बोटाने सरकवून दाखवू लागला, तेव्हा म्हणाल्या, "ते राहू द्या हो. डिकी उघडा." तेथे एकाच रूपाची दोन वाहने होती. एक साधे, तेलावर चालणारे. दुसरे दुहेरी दमाचे, ज्यास लोक हायब्रिड म्हणतात, कधी तेलावर आणि कधी विजेवर चालावे, चालता चालता वीज आपणच साठवावी, ऐसी त्याची ख्याती. राणीसाहेबांनी साध्या वाहनापाशी खुर्ची मिटली, आपल्या हाताने मागे ठेविली, झाकण लाविले. झाकण बसले. पुन्हा उघडले, पुन्हा लाविले, पुन्हा बसले. मग राजांकडे वळून हसल्या, तसे हसू त्यांच्या मुखावर फार दिवसांत आले नव्हते. राजेही पाघळले आणि म्हणाले, "हीच घेऊ. शब्द दिला. तुझ्या आईची गाडी समज." राणीसाहेब घरी आल्या आणि त्यांनी मातोश्रींस सांगितले, आणि मातोश्रींनी त्याच दुपारी द्वारकाबाईंस फोन लावून कळविले की यंदा सोने घेऊन मी येते.

येथून पुढे लिहिताना लेखणी तापते. या मुलखाची चाल ऐसी की वाहन कशासाठी हवे हे मागाहून पाहतात, आधी ते कोणत्या सणास दारात उभे राहील हे पाहतात. कारकुनाने राजांस निरोप पाठविला की साधे वाहन दिवाळीपावेतो येत नाही. राजांनी लागलाच कारकुनास फोन लाविला. दसरा कोरडा जाणार, आणि शेजारच्या राज्यात त्याच दिवशी हार चढणार. मग कारकून हळूच म्हणाला, "साहेब, एका गिऱ्हाइकानं हायब्रिडचं बुकिंग सोडलंय. ती दसऱ्याला नक्की देतो. बाहेरून सेम टू सेम." राजांनी दाजींस विचारिले, दाजी तर आनंदाने उठून उभेच राहिले, आणि दोघांनी मिळून हो म्हटले. राणीसाहेबांस कोणी विचारिले नाही. आपल्याच घरात, एका ताटाच्या अंतरावर बसणाऱ्या माणसास ही गोष्ट सांगण्यास राजांस सवड झाली नाही, आणि मनास मात्र समजावले ऐसे की बाहेरून तेच आहे, तिला काय कळणार. ऐसा हा समशेरबहाद्दर.

विजयादशमीस राजे आणि दाजी सकाळीच जुने वाहन सौदागरास देऊन नवे घेऊन आले. झेंडूचे हार चढले, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडले, राजांनी पुठ्ठ्याची हातभर चावी छातीशी धरून तसबिरी काढविल्या. राणीसाहेबांनी ओवाळिले आणि मग आत जाऊन मातोश्रींस घेऊन आल्या. मातोश्री इरकली नेसल्या होत्या, केसांत अबोली, ओटीत आपट्याची पाने, आणि आपली चाके आपण फिरवीत लगबगीने येत होत्या. लेकीच्या आधाराने त्या पुढच्या आसनावर सरकून बसल्या. मग राणीसाहेबांनी खुर्ची मिटली आणि मागे ठेवू गेल्या, तो खुर्ची बसेना. आडवी घातली, बसेना. उभी घातली, झाकण लागेना. मग दाजींनी जोर लाविला, त्याने खुर्ची बसली नाही, नव्या वाहनास ओरखडा मात्र गेला आणि राजे कळवळले. तळ कसा काय वर आला म्हणून राणीसाहेब वाकून पाहू लागल्या, तेव्हा राजे म्हणाले, "अगं, खाली बॅटरी असते ना हिच्यात. हायब्रिड आहे ही. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

राणीसाहेब सरळ उभ्या राहिल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकास गेली, पण आवाज चढला नाही, आणि तेच राजांस अवघड जाहले. म्हणाल्या, "मी खुर्ची घेऊन गेले होते. माझ्या हातानं बसवून बघितली. तुम्ही शेजारी उभे होता." राजे म्हणाले, "अगं, पण ती दसऱ्याला मिळत नव्हती." राणीसाहेब म्हणाल्या, "मग घाला दसरा डिकीत." दाजी मध्ये पडून म्हणाले, "वहिनी, एवढं काय त्यात. मावशींच्या दारात आम्ही दोघं उचलून नेतो की आईंना." तेव्हा पुढच्या आसनावरून मातोश्री बोलिल्या, "मला उचलायचं नाही हं कुणी. शैला, मी राहते घरी. तुम्ही जाऊन या. द्वारकेला म्हणावं, पुढच्या वर्षी." आणि ओटीतली पाने काढून लेकीपुढे धरली. त्या दोघा पुरुषांपैकी एकाने तरी नाही म्हणावे की नाही? कोणी म्हणाले नाही. उलट राजांच्या मुद्रेवर सुटका झाल्याचा भाव उमटला. तो राणीसाहेबांनी पाहिला. इतकी वर्षे संसार केल्यावर माणसाचा चेहरा वाचता येतो, आणि कधी कधी तो न येता तर बरे, ऐसे वाटते.

मग राणीसाहेबांनी मागचे दार उघडले, मागचे आसन पाडले, खुर्ची त्यावर आडवी घातली आणि पट्ट्याने बांधली. कोपऱ्यात एकाच माणसापुरती जागा उरली. राजे धोतराच्या निऱ्या सावरीत तिकडे निघाले, तो राणीसाहेबांनी श्रीखंडाचा मोठा डबा आणून त्या जागी ठेविला आणि त्यासही पट्टा लाविला. राजे म्हणाले, "आणि मी कुठं बसू?" राणीसाहेब म्हणाल्या, "तुमचा मुहूर्त झाला की. आता घरी बसा." आणि राजांच्या हातातली खरी चावी घेतली, पुठ्ठ्याची त्यांच्यापाशी राहू दिली, आणि हार चढलेले वाहन घेऊन फाटकाबाहेर पडल्या.

वाहन वाईट नव्हते, हे सांगणे भाग आहे. राणीसाहेबांस ते वाईट निघावे ऐसे मनापासून वाटत होते, पण ते खड्ड्यांतून हेलकावा न देता गेले, गर्दीत थांबले की यंत्र निजे आणि पुन्हा वाऱ्यासारखे गुपचूप चालू लागे. मातोश्री दचकून म्हणाल्या, "बंद पडली का ग?" "नाही आई, विजेवर चाललीय." "गुणाची आहे," मातोश्री म्हणाल्या, आणि राणीसाहेबांचा राग आणखी वाढला. घाटात पाटीवर राजांचा फोन वाजला आणि राजांचा आवाज वाहनभर घुमला, "पोचलात का? नाही, म्हटलं ॲव्हरेज किती दाखवतंय?" राणीसाहेबांनी बोट लावून राजांस बंद केले. मग द्वारकाबाईंच्या दारी वाहन थांबले, शेजाऱ्यांनी पायरीवर फळी टाकली, खुर्ची उतरली, आणि मातोश्री आपल्या हातांनी चाके फिरवीत, कोणाचा हात न लागू देता, फळीवरून चढून आत गेल्या. द्वारकाबाई भिंत धरून उभ्या होत्या. सोने दिले, घेतले, आणि दोघी बराच वेळ एकमेकींचे हात सोडीनात. मग द्वारकाबाईंनी डोळे पुसून विचारिले, "जावई कुठायत ग?" मातोश्री, ज्यांनी जावयाविषयी कधी वावगा शब्द काढिला नव्हता, त्या म्हणाल्या, "ते मुहूर्त राखत बसलेत घरी."

पुढे ते वाहन राज्यात नांदले. मातोश्री डोळ्यांच्या वैद्याकडे गेल्या, भाजीबाजारात गेल्या, घाटापलीकडे तर पुन्हा पुन्हा गेल्या, आणि दर वेळी मागे खुर्ची पसरली आणि राजे कोपऱ्यात तिचे चाक बरगडीस लावून बसले, किंवा घरी राहिले. दाजी आले की राजे तेलाचे कोस सांगत, पण आवाजात पहिला जोर नसे. मग फाल्गुनात एके सकाळी राजे चहा स्वतः करून घेऊन आले आणि म्हणाले, "चुकलं माझं. ही काढून टाकू आणि ती साधी घेऊ. तू म्हणशील तशी. पाडव्यालाच आणू." राणीसाहेबांनी पेला खाली ठेविला आणि म्हणाल्या, "पाडव्याला." मग राणीसाहेब म्हणाल्या, "गाडी राहू दे. तिचा काही दोष नाही. तिनं मला शब्द दिला नव्हता." आणि चावी घेऊन मातोश्रींस हाक मारीत बाहेर गेल्या. राजांनी दोन्ही पेले उचलून मोरीत नेऊन विसळले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली ती लिहिली. वाहन उत्तम निघाले, मातोश्री हिंडू फिरू लागल्या, बहिणींचा रिवाज पुन्हा सुरू जाहला. राणीसाहेबांचा राग अद्याप उतरला नाही, आणि तो उतरावा ऐसे लिहिणारासही वाटत नाही. इति.