एक मोडायला, एक वापरायला

हमीदभाई प्लास्टिकची वस्तू घेतो ती दोन नग. एक मोडायला, एक वापरायला. महाडच्या बाजारात कोरी बादली उपडी घालून तो दुकानाच्या पायरीवरच तिच्यावर चढला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुकानदार ओरडला, “अहो चाचा, पाणी भरायची हाय ती!”

“आधी मोडू, मग बोलू,” हा म्हणाला. बादली कडाडली.

आमच्या दोन घरांत एकच भिंत. तो आखातात ट्रक चालवून आला, मी चौथी शिकून हमाली केली. आमची ही गेली तेव्हा मंडळींना बसायला त्यानेच खुर्च्या आणल्या. आणि अंगणात मयत असताना हा बाबा एकेका खुर्चीचा पाय पिरगाळून बघतोय! मी रडायचंच विसरलो.

हे वेड पहिल्यापासूनचं नाही. त्याच्या बायकोला, रुकय्याभाभींना, लकवा झालेला. डाव्या पायात आधाराचा पट्टा, घोट्याशी प्लास्टिकची बिजागरी. एकदा ती चालता चालता तुटली आणि भाभी तोंडावर पडल्या. तेव्हापासून त्यांनी पलंग सोडला नाही, आणि याने मोडणं धरलं.

तशी बिजागरी बरेच दिवस मिळेना. शेवटी मुंबईहून साच्यात ओतलेल्या दोन आल्या. पुण्याच्या कंपनीतला त्याचा भाचा इरफान आणखी एक घेऊन आला, छापलेली. छापलेली! मला वाटलं, लग्नपत्रिकेसारखी. इरफान म्हणाला, “काका, मशीन प्लास्टिकचा धागा वितळवते आणि थरावर थर देते.”

हमीदभाईने ओट्याच्या कडेला पकड लावली, बिजागरीला बादली टांगली आणि बादलीत नदीतले गोटे टाकत गेला. साच्यातली वाकली, पांढरी पडली, पण लय वेळ दम धरला. छापलेलीनेही उभा भार झेलला. मग याने ती आडवी लावली. दोन गोट्यांतच भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी उकलली.

“मामू!” इरफान किंचाळला. “एकच होती ती! सांगितलं होतं ना, नुसतं माप बघायला हाय, आडवा जोर सोसायची नाय!”

“मग दोन का नाय आणल्यास?”

पुण्याहून आलेली वस्तू, चहा उकळायच्या आत तुकडे! मी म्हटलं, “डोकं फिरलंय तुझं.” उरलेली साच्यातली त्याने पट्ट्याला बसवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून आलो, तर भिंतीपलीकडे पावलं वाजत होती. एक ठाम, एक फरफटत, मधे जरा थांबून. भाभी चालतायत! मी धावतच गेलो.

भाभी पलंगावरच होत्या. हमीदभाई डाव्या पायात त्यांचा पट्टा आवळून खोलीभर लंगडत होता. हुबेहूब भाभी. खांदासुद्धा तसाच पाडलेला.

“अरे, हे काय चाललंय?”

“बादली चालत नाय रे, माणूस चालतो,” तो थांबलाच नाही. “परत पडली तर उठायची नाय ती.”

“भाऊ, सांगा ना यांना,” भाभी म्हणाल्या. “सकाळपासून फिरतायत. टाच सोलवटलीय.”

बायकोची चाल एवढी पाठ असते कुणाला?

“काढा आता,” भाभी म्हणाल्या. “माझा पाय हाय तो.” आणि त्यांनी पाय पलंगाखाली सोडले.

हमीदभाई मटकन खाली बसला. पट्टा एवढा आवळलेला की बक्कल त्याच्याने सुटेना. शेवटी मीच वाकलो आणि सोडवलं.