न वापरलेला पंप

सातवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, "हा कमी बोलतो, कुठं अडायचा नाही." (मास्तरांनी माझी सासुरवाडी पाहिली नव्हती.)

दिवाळीला सत्यभामा माहेरी, तेलगावला गेली. शिमगा आला तरी परत येईना. कारण माझे सासरे अर्जुनराव, सोसायटीचे चेअरमन. "लेकीला एसटीच्या गर्दीत पाठवणार न्हाई. आपल्या मोटारीतूनच सोडीन," असं ते चावडीवर बोलून बसले होते. मोटार निजामाच्या काळातली, विलायती. तिच्या इंजिनात पाणी खेळवणारा पंप मोडलेला आणि तसला आता कुठं बनत नव्हता. मिळाला तर एखाद्या दुकानात खोक्यातच पडून राहिलेला मिळणार.

बायको माझी, म्हणून मीच माजलगावला निघालो.

दुकानात ही गर्दी. मी हळूच म्हणालो, "पाण्याचा पंप हाय का? जुना, पण न वापरलेला."

दुकानदार हसला. "लई हायेत! ह्या दुष्काळात वापरलेला कुटून आणू? समद्या हिरी कोरड्या."

चौघांनी गोदामातून एक धूड बाहेर ओढलं. कुठल्याशा उपसा सोसायटीनं नदीवर बसवायला घेतलेलं. बसवायच्या आधी नदीच आटली.

मला जरा मोठं वाटलं. धीर करून विचारलं, "मोटारीला बसंल ना?"

"कंच्याबी मोटारीला बसतंय!"

(शेतावरच्या विजेच्या यंत्रालाही आमच्याकडं मोटारच म्हणतात, हे मला तेलगावच्या वेशीत आठवलं.)

पंप बैलगाडीतून आणावा लागला. वेशीपासून बायका घागरी घेऊन मागं लागल्या. "पाणी आलं गं!" म्हणत सासऱ्यांच्या शेजारच्या मुक्ताबाईंनी पंपाला हळदकुंकू वाहिलं, कुणीतरी नारळ फोडला. मला 'नको' म्हणता आलं नाही.

सासरे ओसरीवर उभे होते. खाली उतरून त्यांनी पंपाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "जावईबापू, गाडीला पंप आणा म्हणलो होतो. तुमी पंपाला गाडी आणली!"

दुकानदारानंही तो परत घेतला नाही. कुंकू लागलं म्हणजे माल वापरला, म्हणाला.

सत्यभामा दाराआडून मला म्हणाली, "कावून असं करता वो? मोटार मोटार कशाला? 'गाडीचा पंप' म्हणायचं सरळ!" तिचे डोळे भरले होते. माझेही.

पुढच्या बाजारी मी पुन्हा गेलो. लाज सोडली, आणि सगळं दुकान वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "गाडीचा पंप द्या! जुना, पण न वापरलेला!"

दिला त्यानं. खोक्यातला, अगदी कोरा. पायानं दाबून हवा भरायचा.

सत्यभामा अजून तेलगावातच आहे. पंप मात्र उपयोगी पडला. दर रविवारी मी त्यानं सायकलीत हवा भरतो आणि तिला भेटून येतो.