फळीत न मावलेलं सरकार

"एनोक, शब्द संपला का रे?" बिबिआनेनं खालून हाक दिली.

"शब्द कुठला संपतोय बाई! फळी संपली," शिडीवरून एनोक रडवेल्या आवाजात म्हणाला.

खरंच संपली होती. मे महिन्याची पहिली तारीख. आजपासून डेन्मार्कच्या अमलाखालच्या ग्रीनलंडला स्वतःचं सरकार मिळणार, म्हणून सगळा गाव सकाळपासून नुसता नाचत होता. बाया मण्यांचे गळपट्टे घालून दारोदार उभ्या, घराघरांतून कॉफीचा दरवळ, खाडीत बर्फाचे तुकडे एकमेकांना ढुशा देत निघालेले, आणि कुत्रीसुद्धा साखळ्या ताणून गात होती. गावसभेच्या लाल घरावर नव्या सरकारचं नाव रंगवायचं काम एनोकचं. आजवर त्यानं होड्यांवर नावं काढली ती 'आने', 'मारिया' अशी, होडीच्या नाकावर बसणारी. आजचा शब्द होता 'नाम्मिनेर्सोर्नेरुल्लुतिक'. अर्थ साधाच. आपलं आपण थोडं अधिक चालवणारे. पण आनंदाच्या भरात त्यानं पहिलंच अक्षर एवढं थोरलं काढलं, की अर्ध्या शब्दातच फळीचा काठ दिसायला लागला.

दुसरी फळी आणायची कुठून? इथली झाडं गुडघ्याच्या वर जात नाहीत. लाकूड येतं ते जहाजातून, नाहीतर समुद्राला दया आली तर वाहत.

"उरलेलं बारीक काढ," बिबिआने म्हणाली. ती एनोकची बायको आणि गावसभेची प्रमुख. त्यामुळे तिचं त्याला दोनदा ऐकावं लागे.

"म्हणजे सरकार पुढं पुढं आकसत गेलं असं दिसेल!"

"मग कोपऱ्यावरून वळव."

"सरकार काय मागच्या दारानं पळतंय?"

इतका वेळ पायरीवर बसून कॉफी पिणारी मालिया मावशी आता बोलली. "अरे, मधलं गाळ. हा शब्द म्हणेपर्यंत माझी कॉफी गार होते. डोकं ठेव, शेपूट ठेव. तेवढ्यावरून मासा ओळखता येतो की नाही?"

एनोकला पटलं. 'नाम्मिनेर्सोर'च्या पुढं त्यानं झरझर 'लुतिक' जोडलं. बसलं! अगदी काठाला टेकून बसलं. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

बिबिआनेचं मात्र टाळ्यांकडे लक्ष नव्हतं. तिचे डोळे खाडीवर होते. गेल्या शरदात गावची मासळी पावसात सडली आणि उरली ती कुत्र्यांनी खाल्ली. मासळी खारवायला छपराची शेड हवी होती, आणि शेडला लाकूड द्यायचं की नाही ते आज डेन्मार्कहून येणारे क्नुडसेनसाहेब ठरवणार होते. थंडीभर ती त्या शेडच्याच काळजीत होती.

तेवढ्यात चर्चचे मास्तर जोनाथन पांढऱ्या अंगरख्याची नाडी बांधत आले. वर पाहिलं आणि नाडी हातातच राहिली.

"एनोक! 'नेरु' कुठाय?"

"गाळलं, मास्तर. जागा नव्हती."

"अरे गाढवा, 'नेरु' म्हणजेच 'थोडं अधिक'! ते काढल्यावर उरलं काय? 'आपलं आपण चालवणारे'. सगळंच्या सगळं! आपल्या शहाण्या माणसांनी वर्षानुवर्षं घासाघीस करून थोडं अधिक मिळवलं, आणि तू फळी पुरली नाही म्हणून पूर्ण घेऊन मोकळा झालास?"

गर्दीत मागून कुणीतरी म्हणालं, "बरंच झालं की!" आणि हशा उसळला.

"हसा! साहेबांना वाटेल गावानं बंड केलं," बिबिआने ओरडली. "गेली माझी शेड!"

एनोकनं खाली उतरून बिस्किटाच्या डब्याचं झाकण उचललं, त्यावर 'नेरु' रंगवलं आणि शिडीवर धावला. खिळा ठोकणार इतक्यात वारं आलं. झाकण गरगरत छपरावरून गेलं आणि खाडीत पडून बर्फाच्या तुकड्यांमधून निवांत निघालं.

"चाललं आपलं थोडं अधिक," मावशी म्हणाली.

आणि साहेबांच्या बोटीचा भोंगा वाजला.

"गा!" बिबिआनेनं हुकूम सोडला. "असं गा, की त्यांची नजर वर जायलाच नको."

गाव गायला. उंच सूर बायांचा, खोल सूर बाप्यांचा, मधून वाऱ्याचा. एक भजन झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला मास्तरांचा आवाज बसला. क्नुडसेनसाहेबांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि भाषणाला उभे राहिले. तो लांबलचक शब्द ते बोटीत सारखे घोकत आले होते.

"आजपासून तुम्ही नाम्मिनेर्सोर्ने... रुने... नेरुलु..."

जीभ अडकली. साहेब लालबुंद झाले. मदतीसाठी त्यांनी वर पाहिलं आणि चेहरा एकदम उजळला.

"नाम्मिनेर्सोर्लुतिक!" त्यांनी खणखणीत वाचलं.

काय आरोळी उठली! टोप्या उडाल्या, कुत्री भुंकली, मास्तर मटकन कुत्र्यांच्या एका घसरगाडीवर बसले. डेन्मार्कच्या माणसानं गावादेखत सगळं देऊन टाकलं होतं.

कॉफीला बसल्यावर साहेब खुशीत म्हणाले, "तुमचा शब्द आज पहिल्यांदा जमला. पण माझ्या कागदावर तो लांब होता. असं कसं?"

मास्तरांना ठसका लागला. बिबिआनेनं खरं ते सांगून टाकलं. साहेबांनी कप खाली ठेवला.

"मग पंचाईत आहे, बाई. आपलं सगळं आपणच चालवणाऱ्यांना मी शेड कशी देऊ?"

एनोकनं मान खाली घातली. बिबिआनेनं मात्र बेदाण्याच्या पावाचा जाड काप साहेबांच्या ताटलीत वाढला.

"शेड द्या असं कोण म्हणतंय? बांधू आम्ही. हात आमचे, घाम आमचा, मासळी तर आमचीच. पण झाड काही आम्हाला उगवता येत नाही. लाकूड तेवढं धाडा."

साहेब पाव चघळत राहिले. मग हसले. "किती धाडू?"

"शेडपुरतं," ती म्हणाली. मग एनोककडे एकदा पाहिलं आणि कॉफी ओतता ओतता म्हणाली, "नेरु."

"अहो बाई!" मास्तर कळवळले. "'नेरु' एकटं कुणी म्हणत नाही! ते शब्दाच्या पोटातच राहतं. एकटं व्याकरणात बसत नाही!"

"आजपासून बसतं," बिबिआने म्हणाली. "सरकार आपलं आहे, मास्तर."