तांबोळी सरांची रजा

आमच्या कला महाविद्यालयातील तांबोळी सर रोज पहिल्या तासानंतर राजीनामा देत असत. अर्थात तोंडी, आणि समोर जो कोणी असेल त्याच्याकडे. एकदा तो त्यांनी पाण्याचे जार पोहोचवायला आलेल्या माणसाला दिला, एकदा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला. "बस्स झालं! मास्तर जगला आणि चित्रकार मेला. उद्यापासून मी येणार नाही," असे निक्षून सांगून ते दुसऱ्या तासाला वर्गात शिरत, ते घंटा होऊन गेली तरी बाहेर पडत नसत.

मी तेथे कलेचा इतिहास शिकवते. बोलणे मला फारसे जमत नाही. राजीनामे मात्र मी मुकाट्याने स्वीकारत असे, म्हणून ते बहुधा माझ्याच वाट्याला येत.

व्यक्तिचित्रणाच्या वर्गात मॉडेल म्हणून माण गावचे नाना बसत. जमीन आयटी पार्कात गेल्यापासून त्यांना बसण्याखेरीज काम उरले नव्हते, आणि ते काम ते आमच्याकडे येऊन नेकीने करीत. सरांच्या राजीनाम्याला ते पापणीही न हलवता उत्तर देत: "द्या की एकदाचा. पण आदी ह्या पोरीनं माजं नाक वाकडं काढलंय, तेवढं सरळ करून जावा."

सर ते सरळ करीत. मुलीला उठवून तिच्या जागी बसत, पण तिच्या चित्राला हात लावत नसत. "तुझं तुझ्यापाशी," म्हणत कागदाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढे नाक काढत. पाठीमागे सारा वर्ग गोळा होई. वडिलांचे चाकणला गॅरेज होते, त्यामुळे चुका दाखवण्याची सरांची भाषाही गॅरेजचीच. "मानेचं अलाइनमेंट गेलंय, भावा. ही गाडी डावीकडे ओढणार." मुले हसत, सर रेघ ओढत, आणि कोपऱ्यातले ते नाक क्षणात श्वास घेऊ लागे.

गेल्या वर्षी मात्र आक्रीत घडले. पुण्याच्या एका कलादालनाने त्यांना एकट्याच्या प्रदर्शनाविषयी विचारले आणि सरांनी खरोखरच वर्षाची रजा घेतली. तळेगाव दाभाड्याला मामेभावाचे वर्कशॉप बंद पडले होते. तेथे स्टुडिओ थाटला. "आता बघा, मॅडम. तिन्ही शिफ्टमध्ये चित्रं बाहेर पडतील!"

दिवाळी सरली. फोन केला की "काम चालू आहे" एवढेच म्हणत आणि लगेच विचारत, "ती वाकड्या नाकवाली काय करते?" प्रदर्शन फेब्रुवारीत होते. मला काळजी दोन्हीकडून होती: चित्रे झाली नसली तर सर खचतील, आणि झाली असली तर परत येणार नाहीत. अखेरीस नानाच म्हणाले, "चला मॅडम, बघून येऊ. मला बी तितं बसवंना झालंय." त्यांच्या ऐसपैस गाडीतून आम्ही तळेगावला गेलो.

वर्कशॉप लखलखीत होते. फरशी धुतलेली, ब्रश उंचीनुसार मांडलेले, भिंतीशी ताणून ठेवलेले कॅनव्हास. सगळे कोरे. सरांची दाढी वाढली होती.

"प्रकाश बरोबर येत नव्हता," ते म्हणाले. "खिडक्या पुसल्या. मग शेजारच्या प्रेसचा आवाज यायचा. तोही बंद झाला." एक ब्रश उगाच सरळ करीत म्हणाले, "तो बंद झाल्यावर तर फारच अवघड झालं."

नाना सवयीने स्टुलावर जाऊन बसले. मान किंचित उजवीकडे, नजर स्थिर. "काढा. मी हाय की समोर."

"समोर सगळं आहे, नाना," सर म्हणाले. "मागे कोणी नाही."

मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "मॅडम, तुम्ही जरा इथं पाठीमागे उभ्या राहाल? बोलायचं काही नाही. ते तुम्हाला जमतं."

मी उभी राहिले. कोळसा धरलेला त्यांचा हात कितीतरी वेळ हवेतच होता. मग तो कॅनव्हासला टेकला.

"हे बघा," सर म्हणाले. मला म्हणाले की साऱ्या वर्गाला, कोण जाणे. "आधी डोळे काढायचे नाहीत. माणूस बसलाय कुठं, त्याचं वजन कुठं पडलंय, ते आधी." रेघ खांद्यावरून सरसर उतरली. माझ्या छातीवरचे ओझेही तिच्याबरोबर उतरले. हात शाबूत होता.

"प्राचार्यांना मीच सांगतो. सोमवारपासून येतो," मध्येच ते म्हणाले. "आणि सुट्टीच्या दिवशी चार-पाच पोरं इकडे पाठवा. लोकलनं येतील. काम काही नाही. नुसतं उभं राहायचं."

"मंजी येनार?" नानांनी ओठ न हलवता विचारले.

"हलू नका, नाना!"

"हललो न्हाई. हसलो."

"तेच ते. सगळा जबडा बदलला!"

ऊन फरशीवरून सरकत दाराशी गेले. माझे पाय भरून आले, म्हणून आवाज न करता मी दोन पावले मागे सरून भिंतीला टेकले. कोळसा थांबला.

"आहात ना?" मागे वळून न बघता सरांनी विचारले.

"आहे," मी म्हणाले, आणि पुन्हा पुढे येऊन उभी राहिले.