सोयरू पायलट ट्रॅकवर जातो

सोयरू पायलटाचा चेहरा मी तेवीस वर्षं रोज बघते आहे, पण अख्खा असा एकदाही बघितलेला नाही. डावा कान, डावा गाल आणि अर्धी मिशी, एवढाच सोयरू माझ्या वाट्याला आला. बाकीचा रस्त्याकडे बघत असतो.

आमच्या गोव्यात पायलट म्हणजे विमानवाला नव्हे. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभा असतो, आपण मागे बसायचं आणि सांगू तिथे तो नेऊन सोडतो, तो पायलट. डिचोलीच्या स्टँडवर असे पुष्कळ आहेत. पण मागच्या माणसाशी बोलण्यासाठी मान डावीकडे वळवून वळवून ती तशीच राहिलेला सोयरू एकटाच. गाडीवरून उतरला तरी त्याला समोरासमोर बोलता येत नाही. रेशनच्या दुकानात तो दुकानदाराकडे पाठ करून उभा राहतो आणि डाव्या खांद्यावरून साखर मागतो. तरुणपणी मुलगी बघायला गेला, तिथेही सगळी उत्तरं भिंतीला दिली. मुलीच्या बापाने निरोप धाडला, ‘मुलगा कष्टाळू आहे, पण त्याला आमची मुलगी बघवत नाहीसं दिसतं.’ त्यानंतर सोयरू कुणाला बघायला गेला नाही. एकटाच राहतो, एकटाच रांधून खातो.

मी सुर्ल्याच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिका. डिचोलीहून बस आहे, पण ती घंटा झाल्यावर पोचते, आणि घंटेनंतर येणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करते. तेव्हा स्वतःच उशिरा जाणं बरं दिसेना. म्हणून सोयरू. खाणी जोरात होत्या तेव्हा आम्ही ट्रकांच्या रांगेतून धुळीने लाल होत गेलो, खाणी बंद पडल्या तेव्हा मोकळ्या रस्त्याने गेलो. सोयरूचा वेग तोच, चाळीस. काटा जरा पुढे सरकला की तो गाडीलाच दम देतो, “सवकास गो बाय, मागे बाई आसात.”

आणि तोंड अखंड चालू. कुणाचा फणस कुणी पाडला, कुठल्या डॉक्टरची सुई दुखत नाही, कुणाची सून कुणाशी बोलत नाही. दर अर्ध्या किलोमीटरला एकच प्रश्न, “आयकतात न्हय?” त्यावर मी ‘हं’ म्हणायचं. ते म्हटलं नाही की तो ब्रेकच लावतो. एकदा मी परीक्षेच्या पेपरांच्या विचारात होते, तर हा बाबा भर पुलावर थांबून माझा श्वास चालू आहे का बघत होता.

ह्याला कारण आहे. धंद्यातल्या पहिल्या वर्षी साखळी गावाला जाणारा एक म्हातारा मागे बसला. वाटेतल्या गतिरोधकावर सोयरूने गाडी हळू केली, म्हाताऱ्याला वाटलं आपलंच ठिकाण आलं, तो उतरून चालू पडला. सोयरू मात्र बोलत राहिला. साखळीच्या बाजारात पोचून ‘उतरा’ म्हणाला, तर मागे कोणी नाही. आपण माणूस पाडला असं समजून तो रडत रडत उलटा आला. म्हातारा एका ओसरीवर पेज जेवत बसलेला सापडला. लोक हसले आणि विसरले. सोयरू विसरला नाही. तेव्हापासून मागची सीट हलकी लागली की त्याच्या छातीत धडधडतं.

त्यामुळे रिकामी गाडी तो चालवतच नाही. मला शाळेवर सोडलं की परतीला माणूस शोधतो आणि फुकट आणतो. एकदा तर पणजीच्या बसची वाट बघणाऱ्या बाईला गोड बोलून उलट दिशेला डिचोलीत आणून सोडलं. कोणीच मिळालं नाही तर शाळेजवळच्या दुकानातून उकड्या तांदळांचं पोतं उचलतो, मागे बांधतो आणि बोलत बोलत निघतो. पोतं ‘हं’ म्हणत नाही, पण निदान वजन तरी देतं.

अशा माणसाला ह्या वर्षी बक्षीस काय लागावं? त्याने मागचा टायर बदलला, दुकानाने कूपन दिलं, सोडत निघाली. पहिलं बक्षीस मिक्सर. दुसरं बक्षीस कोल्हापूरकडच्या एका छोट्या ट्रॅकवर एक दिवस मोटरसायकल पळवायची, तीही स्वतःची. समोरून येणारं कोणी नाही, गुरं नाहीत, खड्डे नाहीत, वाटेल तेवढी पळवा. सोयरूला दुसरं लागलं. हसून हसून स्टँडवरच्या पायलटांचे चहा सांडले.

पहिलं बक्षीस कारापूरच्या नाईकसाहेबांना लागलं. हे बँकेत असतात आणि रविवारी डोक्यापासून पायापर्यंत चामडं घालून मोठ्या गाडीवर फिरतात. ते मिक्सर घेऊन सोयरूच्या दारात हजर. म्हणाले, “बदली करूया. वर नवं हेल्मेट देतो.” सोयरूला मिक्सर हवाच होता, नारळ वाटून त्याचा हात दुखतो. पण तो भिंतीकडे बघत म्हणाला, “ना साहेब. माका वचूंक जाय.”

जायलाच हवं म्हणे. का, ते सांगेना. मी विचारलं, नाईकांनी विचारलं, अख्ख्या स्टँडने विचारलं. मिशीचं अर्धं टोक तेवढं हललं.

नियमांचा कागद इंग्रजीत होता, तो वाचायला माझ्याकडे आला. मी वाचत गेले. आरसे काढायचे. ठीक. दिव्यांना टेप लावायची. ठीक. हॉर्नची वायर काढायची. इथे तो जरा कळवळला, पण ठीक. मग आलं, मागे प्रवासी बसवता येणार नाही, सामान बांधता येणार नाही.

“परत वाचात,” सोयरू म्हणाला. मी परत वाचलं. तीनदा वाचलं तरी नियम तोच राहिला.

“मिक्सर घे आणि गप्प बस,” मी म्हटलं.

“ना. शिकतलों.”

आता शिकतो म्हणणाऱ्याला नाही म्हणायची मला सवय नाही. मे महिन्यात मी रिटायर होणार, शाळेत कपाटांच्या याद्या करायचं काम गळ्याशी आलेलं, तरी मी वेळ काढला. सुर्ल्याला बंद खाणीचा एक रुंद रस्ता आहे, तिथल्या वॉचमनची मुलगी माझी विद्यार्थिनी. परवानगी मिळाली. मी कार्डशीटवर तक्ता केला. लोक ट्रॅकवर जाण्याआधी वेगाचा सराव करतात, आमचा सराव वजन उतरवण्याचा. पहिला आठवडा पन्नास किलोचं पोतं. दुसरा पंचवीस. मग दहा. मग पाच नारळ. मग दोन. मग माझी छत्री.

दोन नारळांपर्यंत गाडी बरी चालली. म्हणजे सोयरू त्यांना डिचोलीतल्या नव्या गटाराची हकिकत सांगत होता, पण चालवत होता. छत्रीला घाम फुटला. छत्रीला म्हणजे त्याला. आणि काहीच नसताना? शंभर मीटर गेला की ब्रेक. उतरून मागे चालत यायचा आणि रस्त्याच्या कडेची झुडपं बघायचा.

“काय शोधतोस?”

“कोण पडलां काय पळयतां.”

“अरे, बसलंच कोण होतं?”

“तें खरें,” असं म्हणून पुन्हा बसायचा आणि पुन्हा शंभर मीटर. मी तक्त्यावर लाल शाईने शेरा लिहिला, ‘प्रयत्न चांगला, मन स्थिर नाही’. तेवीस वर्षांत हा शेरा मी शेकडो मुलांच्या प्रगतिपुस्तकात लिहिला असेल, पण इतका खरा कधी उतरला नव्हता.

चामड्याचा पोशाख नाईकसाहेबांनीच दिला, भला माणूस. पण नाईक शिडशिडीत आणि सोयरूचं पोट पेट्रोलच्या टाकीला टेकणारं. पावडर लावून, दोघा पायलटांनी दोन्ही बाजूंनी ओढून, एकदाची चेन वर गेली. आणि घोटाळा झाला. कॉलर ताठ. मान डावीकडे वळेना. मान वळेना म्हणून तोंडातून शब्द फुटेना. सगळा स्टँड त्याला प्रश्न विचारतोय आणि सोयरू नुसता डोळे फिरवतोय. उभ्या जन्मात पहिल्यांदा तो दहा मिनिटं गप्प होता.

शेवटी तो रविवार आला. आमचे हे म्हणाले, “तू जा खुशाल. घरी राहिलीस तर सूचना मलाच देणार.” आदल्या दिवशी टेंपोत गाडी बांधली, पुढे ड्रायव्हर, सोयरू आणि मी, आणि आंबोलीच्या घाटाने कोल्हापुरात माझ्या मावसबहिणीकडे मुक्काम. वाटभर सोयरू बोलला. मी खिडकीला टेकून झोपल्यामुळे सगळं त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या वाट्याला गेलं.

ट्रॅकवर वीसेक गाड्या होत्या, एकेक चकचकीत. त्यात आमचं पिवळं मडगार्ड. पोरं फोटो काढून घेऊन गेली. मी कठड्यापाशी खुर्ची टाकून, तक्ता मांडीवर घेऊन बसले.

पहिली पाळी सुरू झाली. सोयरू निघाला आणि पहिल्याच वळणाआधी हात बाहेर काढून वळतोय म्हणून खूण केली. मागचे तिघे गोंधळले. दुसऱ्या वळणावर झेंडा घेतलेला एक माणूस उभा होता. त्याने नव्या लोकांना दिशा दाखवायला हात केला. रस्त्याच्या कडेला हात केलेला माणूस बघून पायलट काय करणार? सोयरू थांबला.

“खंय वचपाचें?”

झेंडेवाला कोल्हापूरचा. “आवो काका, मला कुठं जायाचं न्हाई. तुमी जावा की फुडं.”

सोयरू पुढे गेला. पुढच्या वळणावर दुसरा झेंडेवाला. तिथेही थांबला. तिसरीकडे तर कोणीच नव्हतं, तरी थांबला, उतरला आणि मागे चालत जाऊन गवत बघायला लागला. शिट्ट्या वाजल्या, लाल झेंडा हलला, सगळ्यांच्या गाड्या बंद.

तिथला शिकवणारा गृहस्थ तरुण, पण मोठा शांत. तो सोयरूला कठड्यापाशी घेऊन आला. म्हणाला, “काका, ट्रॅकवर मधेच थांबलं तर मागचा येऊन धडकतो. तुम्ही पण मराल, तो पण मरेल. मी तुम्हाला आता सोडू शकत नाही. तुम्ही आलात तरी कशासाठी?”

सोयरूने कॉलरची चेन खाली ओढली. मान मोकळी झाली. मग तो भराभर बोलला, “बाई मे म्हयन्यांत रिटायर जातात. जून म्हयन्याच्यान सकाळची सीट रिकामी. रिकामी गाडी चलोवंक माका येना. ती शिकपाक आयलां.”

शिकवणाऱ्याला कोकणी कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं. “काय म्हणतायत काका?”

आता मी शिक्षिका, मला विचारल्यावर सांगणं भाग. मी सुरुवात केली. “ते म्हणतायत, बाई मे महिन्यात रिटायर होतात. बाई म्हणजे मी. जूनपासून सकाळी त्यांच्या मागे कोणी नसेल. रिकामी गाडी त्यांना चालवता येत नाही. ती...” इथे मी बाटली उघडली. मी पाणी प्यायले. “ती शिकायला ते इथे आलेत.”

एवढ्या वजनांचा तक्ता केला, नारळ मोजले, शेरे लिहिले, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या जागी कोण बसणार ह्याचा विचार मी शाळेच्या खुर्चीपुरता केला होता. सीटचा केलाच नव्हता. मूर्ख बाई.

त्या तरुणाने हातातल्या पाळ्यांच्या यादीकडे बघितलं. मग म्हणाला, “शेवटची पाळी नवशिक्यांची आहे. त्यात सोडतो. पण काका, थांबायचं नाही. एकदा जरी थांबलात तरी बाहेर.”

“थांबचो ना,” सोयरू म्हणाला, म्हणजे थांबणार नाही.

चेन पुन्हा वर गेली. मी खुर्ची सोडून कठड्याला जाऊन उभी राहिले. पहिल्या फेरीत त्याने तीनदा आरशाकडे बघितलं, आरसा नव्हता. खांदे कानांपर्यंत चढलेले. दुसऱ्या वळणावर गाडी हळू झाली, इतकी की मला वाटलं आता संपलं. मी सवयीने तोंडातल्या तोंडात ‘हं’ म्हटलं. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. गाडी पुढे गेली. दुसरी फेरी झाली. तिसरीला खांदे खाली आले. चौथीला झेंडेवाल्याने मुद्दाम दोन्ही हात पाठीमागे धरले होते, आणि सोयरू त्याच्यासमोरून सरळ निघून गेला. पाचव्या फेरीत सरळ रस्त्यावर त्याने गाडी सोडली. चाळीस नव्हे, साठ नव्हे, त्याहूनही जास्त. पिवळं मडगार्ड थरथरत माझ्यासमोरून गेलं आणि मागची सीट साफ रिकामी होती.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. माझा विद्यार्थी पास झाला, मला आनंद व्हायला हवा होता. खोटं कशाला सांगू, मला त्याचा राग आला. इतक्या लवकर कसं जमलं ह्याला?

पाळी संपली. तो गाडी ढकलत आला, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते.

“जमलें, बाई.”

“बघितलं मी. छान चालवलीस.”

तो हातमोजे ओढत होता. एक निघाला, दुसरा अडकला. तो ओढता ओढता म्हणाला, “पूण आवडलें ना.”

मी त्याचा हात धरून तो मोजा ओढून काढला.

“मलाही नाही आवडलं, सोयरू,” मी म्हटलं.