निळा पूल उन्हाशी झुंजला त्याची हकीकत

॥ श्रीसूर्यनारायण साक्ष ॥ जो सर्वांस उजेड देतो आणि सर्वांचा रंगही उडवितो, त्यास प्रथम दंडवत.

शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानु नाम संवत्सरी, चैत्र मासी घडलेले वर्तमान ऐसे जे: बाळांनो, आधी डोळे मिटा आणि मनात एक नदी आणा. नदी रुंद, पाणी संथ, आणि तिजवर लोखंडी पूल थोरला. अर्धा पूल निळा, अर्धा हिरवा. निळ्याकडे आपले राज्य, हिरव्याकडे शेजारचे, आणि बरोबर मध्ये पांढरी रेघ. दोन्हीकडचे पूर्वज भांडून भांडून दमले, मग त्यांनी करार केला की ज्याचा रंग त्याचा पूल. आपल्या रंगावर आपण खुशाल हिंडावे, आणि रेघ ओलांडणे असेल तर दुसऱ्याची परवानगी घ्यावी, मग तो गुराखी असो की गादीचा धनी. आणि दर चैत्रात दोन्हीकडच्या मंडळींनी एका नावेत बसून पूल पाहावा आणि करार पुन्हा पक्का करावा, ऐसा शिरस्ता. दिसली नदी? दिसला पूल? मग आता डोळे उघडा आणि ऐका.

त्या समयी निळ्या राज्याच्या गादीवर मंजुळाबाई राणीसाहेब नव्यानेच विराजमान झाल्या होत्या. वय इतके लहान की गादीवर बसल्या म्हणजे पाय जमिनीस टेकत नसत, आणि पुढचा दात पडलेला असल्याने हुकूम फर्माविताना मधून वारा जाई. तरी हुकूम तो हुकूम. चैत्राचा दिवस आला तशा राणीसाहेब नावेत बसल्या, आणि सोबत कारभारी विसाजीपंत बसले, आणि रंगखान्याचे दारोगे बाबाजी लुकतुके नवा फेटा बांधून बसले, कारण मागच्याच वर्षी पुलास नवा निळा देऊन वर पारदर्शक चकाकीचा हात त्यांनीच दिला होता. समोर पलीकडच्या राज्याचे वकील गिरमाजीपंत बसले. मग नाव मध्यावर आली, आणि वकिलांनी मान वर केली, आणि ते पोट धरून हसू लागले.

"राणीसाहेब, आमचा पूल वाढला की हो! पार तुमच्या काठास जाऊन टेकला!"

सर्वांनी वर पाहिले तो काय, निळा पूल हिरवा! रोज पाहणाऱ्यास घरच्याचे केस पिकलेले दिसत नाहीत, तैसेच झाले होते. निळ्यावरचा पारदर्शक थर उन्हाने पिवळा पडला, आणि निळ्यावर पिवळे चढले म्हणजे हिरवे होते हे तर बालवाडीतले पोरही जाणते.

विसाजीपंत घाम पुसत म्हणाले, "निळाच आहे तो. अंमळ हिरवट निळा."

"पंत, उद्या पोपटास निळा म्हणाल!" वकील उत्तरले. "करार काढा. ज्याचा रंग त्याचा पूल."

राणीसाहेबांच्या मनात आले: गादीवर येऊन वर्ष झाले नाही तो पूल गेला, आणि उद्यापासून आपल्याच काठावरच्या कुंभारणीने मडकी घेऊन पुलावर चढायचे तर परक्याची परवानगी मागायची, आणि लोक म्हणणार, पोरीच्या हाती राज्य दिले त्याचे हे फळ. डोळ्यांत पाणी आले, ते कोणास दिसू नये म्हणून त्यांनी मान मागे टाकली. तितक्यात नाव पुलाखाली शिरली, आणि राणीसाहेब एकदम ओरडल्या, "लुकतुकेकाका, पोट निळे आहे!"

आणि खरेच, पुलाची खालची बाजू जशीच्या तशी निळी. राणीसाहेब फळीवर उभ्या राहिल्या, नाव डुलली, आणि पंतांनी त्यांचा परकर घट्ट धरून ठेवला.

"वकीलकाका, रंग आम्ही निळाच दिला होता. खाली ऊन लागत नाही तिथे तो निळाच आहे. वरचा उन्हाने चोरला. चोरी झाली म्हणून घर शेजाऱ्याचे होते का?"

गिरमाजीपंत तोंडाचे तिखट, परंतु न्यायाचे पक्के. ते दाढी खाजवीत म्हणाले, "पाठ हिरवी आणि पोट निळे, ऐसा पूल करारात नाही. बरे. एक वर्ष देतो. पुन्हा रंगवा. पुढच्या चैत्रात पाठही निळी दिसली तर तुमचा, नाहीतर कायमचा आमचा."

मग मंडळी थेट रंगखान्यात आली, आणि लुकतुक्यांनी नवा फेटा काढून राणीसाहेबांच्या पायाशी ठेवला. "सरकार, दरबाराची दारे, आपले सिंहासन, देवघरातले चौरंग, सर्वांस मी हाच हात दिला, आणि इतकी वर्षे सारे कसे आरशासारखे. म्हणून पुलासही तोच दिला."

"पण काका, दरबारात ऊन कुठे येते?" राणीसाहेबांनी विचारले.

दारोग्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "नाही येत, सरकार. हे माझ्या डोक्यात आलेच नाही."

"फेटा घाला आधी, आणि मला नीट सांगा, चोरी होते कशी?"

तेव्हा लुकतुक्यांनी दोन डबे पुढे ठेविले आणि सांगो लागले. या रंगाचे नाव पॉलियुरेथेन. एका डब्यात राळ, दुसऱ्यात तिला कठीण करणारा हार्डनर. वेगळे असता दोन्ही पातळ, आणि एकत्र केले म्हणजे हार्डनर एका हाताने राळेचा एक कण धरतो, दुसऱ्या हाताने दुसरा धरतो, आणि अशी जाळी विणली जाते की तिजवर पाणी चढत नाही आणि ओरखडा उठत नाही. मात्र हार्डनरची घराणी दोन. पहिले ॲरोमॅटिक. ते चपळ, स्वस्त, झटपट वाळणारे. परंतु त्याच्या अंगात एक वाटोळे कडे असते. उन्हातले अतिनील किरण, जे आपणांस दिसत नाहीत, ते नेमके त्या कड्यात अडकतात आणि त्याची मोडतोड करितात, आणि त्यातून पिवळेपणा येतो, आणि मग जाळी तुटते, चकाकी जाते, आणि हात फिरविला तर पिठासारखी भुकटी निघते. दुसरे घराणे ॲलिफॅटिक. ते महाग आणि संथ. परंतु त्याच्या अंगात ते कडे नाही, नुसती साखळी. त्या किरणांस अडकण्यास जागाच नाही.

"म्हणजे चोर आला, पण घरात खुंटीच नाही, मग तो टांगणार काय?"

"बरोब्बर, सरकार!"

"मग पहिल्याला हाकलून द्या राज्यातून!" पंत गरजले.

"का म्हणून?" दारोगे म्हणाले. "त्यास सावलीतली चाकरी द्यावी. खालच्या अस्तरात तो लोखंडास घट्ट धरून बसेल. वर उन्हासमोर मात्र दुसरा उभा राहील. पंत, आपणही कचेरीतच शोभता, कोणी आपणांस तोफेपुढे धाडतो काय?" तेव्हा सारा रंगखाना हसला, आणि पंतही हसले.

मग मोहीम निघाली. जुना थर खरवडून काढिला, लोखंड चकचकीत केले, अस्तर दिले, आणि वर निळा आणि निळ्यावर पारदर्शक, दोन्ही साखळीवाल्या हार्डनरचे. लुकतुके स्वतः माप धरून उभे, कारण हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो आणि अधिक झाला तर ठिसूळ होतो. सकाळी लोखंडावर दंव असे, आणि हार्डनर पाण्याशी जुळला म्हणजे बुडबुडे येतात, म्हणून लोखंड कोरडे होईतो रंगाऱ्यांचे सारे लष्कर ब्रश खांद्यास लावून बसून राही. पंतांचा जीव वर-खाली. "अजून वाळला नाही?" म्हणून त्यांनी बोट लावून पाहिले, आणि बोटाचा ठसा तसाच उमटला, आणि तेवढा भाग घासून पुन्हा रंगवावा लागला. राणीसाहेबांनी हुकूम केला की पंतांनी यापुढे पुलावर येताना हात पाठीशी बांधावे. पंत तसेच येऊ लागले.

मग ऊन चालून आले. वैशाखात पुलावर पाय ठेववेना, ऐसा मारा. मग पाऊस, मग थंडी, आणि पुन्हा ऊन. राणीसाहेब रोज पुलाच्या टोकाशी उभ्या राहून पाहात, आणि रोज पूल निळा.

पुढे सुभानु नाम संवत्सर लागले, आणि चैत्रात नाव पुन्हा निघाली. गिरमाजीपंत मध्यावर उभे राहिले, आणि त्यांनी वर पाहिले, आणि खाली पाहिले, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबातही निळाई पाहिली. पाठ निळी, पोट निळे, चकाकी अशी की त्यात वकिलांस आपलीच दाढी दिसली. मग त्यांनी पगडी काढून मुजरा केला आणि म्हणाले, "राणीसाहेब, जिंकलात. पूल तुमचा." तो काठावर ढोल वाजू लागले, शिंगे फुंकली, कुंभारणींनी मडकी वाजविली, आणि लुकतुक्यांस लोकांनी खांद्यावर घेऊन नाचविले.

इतक्यात पंतांची नजर रेघेपलीकडे गेली. शेजाऱ्यांनीही तेच झटपट घराणे उन्हात उभे केले होते. त्यांचा हिरवा पार पिवळा पडला होता आणि कठड्याची भुकटी वाऱ्यावर उडत होती. पंत राणीसाहेबांच्या कानाशी लागले, "सरकार, तो हिरवा नाही. दावा ठोका!"

राणीसाहेब विचारात पडल्या. "पंत, करारात पिवळा रंग कोणाचा?"

"कोणाचाच नाही, सरकार."

"म्हणजे त्यावर जायला परवानगी कोणाची घ्यायची?"

पंतांनी वकिलांकडे पाहिले, वकिलांनी पंतांकडे, आणि दोघेही तेथेच बसून करार वाचू लागले.

येणेप्रमाणे निळ्या राज्याने उन्हावर फत्ते केली, ती तोफेने नव्हे, तर साखळीवाल्या हार्डनराने आणि पुलाखालून वर पाहणाऱ्या दोन डोळ्यांनी. हकीकत खरी, लेखनसीमा.

आणि राणीसाहेब? नाव काठास लागताच त्यांनी परकर खोचला, जोडे हातात घेतले, निळ्यावरून धावत रेघेशी आल्या, आणि कोणासही न विचारता पलीकडे पळत सुटल्या.